नद्या जिथे बाप असतात

ग्रीकांच्या नद्या पुरुष असतात. नुसते पुरुष नाहीत, बाप असतात, आणि बहुतेक सगळे मुलींचे बाप. हे मला पन्नाशी जवळ आल्यावर कळलं, तेही शाळेच्या हस्तलिखितामुळे. मी हिंगोलीत एका शाळेत इतिहास शिकवते. त्या वर्षी हस्तलिखिताचा विषय 'नदी' असा ठरला. कयाधू, पूर्णा, पैनगंगा पहिल्या पाच मिनिटांत वाटून गेल्या. उरलेलं मुख्याध्यापकांनी माझ्याकडे सरकवलं. "मॅडम, तुम्ही परदेशातल्या घ्या. तुम्हाला नीट मांडायची सवय आहे."

सवय आहे. वाणसामानापासून परीक्षेच्या बैठकीपर्यंत मी सगळं रकाने आखून करते. याही वेळी आखले. नदीदेवाचं नाव, प्रदेश, त्याच्या लेकी, लेकींचं काय झालं. माहिती भरत गेले तशी मला राहवेना आणि मी आणखी एक रकाना आखला: बापाने काय केलं.

तो रकाना भरताना माझं डोकं फिरलं.

सगळ्या नदीदेवांचा बाप ओकेअनस, आई टेथिस. त्यांना तीन हजार मुलगे, म्हणजे जगातल्या नद्या, आणि तितक्याच मुली. इथपर्यंत ठीक. मग पेनेउस नावाचा नदीदेव येतो. त्याची लेक डॅफ्नी सांगते, मला लग्न करायचं नाही. बाप म्हणतो, अगं, तुझ्याकडून मला जावई यायचाय, नातवंडं यायचीत. शेवटी हो म्हणतो, पण नाराजीने. पुढे अपोलो देव तिच्या मागे लागतो. ती धावत धावत बापाच्या काठावर येते आणि म्हणते, बाबा, वाचवा. हा नदी आहे. पूर आणू शकतो, वाट अडवू शकतो, त्या अपोलोचे पाय गाळात रुतवू शकतो. तो काय करतो, तर लेकीचं झाड करून टाकतो. अपोलो त्या झाडाची पानं तोडून डोक्यावर मिरवतो, आणि गोष्ट सांगणारे म्हणतात, बघा, मुलगी वाचली.

दुसरा इनाकस. त्याची लेक आयो देवांचा राजा झ्यूस याच्या नजरेत भरली. एका गोष्टीत झ्यूसने तिची गाय केली, आणि बाप तिला न ओळखता गवत भरवत बसला. तिने खुराने धुळीत स्वतःचं नाव लिहिलं तेव्हा त्याला कळलं. कळल्यावर रडला, आणि रडताना काय म्हणाला, तर मला वाटलं होतं जावई येईल, नातवंडं येतील. दुसऱ्या एका गोष्टीत तर त्याला देवाचा कौल मिळतो की लेकीला घराबाहेर काढ, नाही तर वीज पडून तुझं सगळं घराणं बुडेल. आणि तो काढतो. इच्छा नव्हती, असं लिहिलेलं आहे. इच्छा नसताना काढलं. जणू त्यामुळे ती दाराबाहेर कमी उभी राहिली.

हे मी शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवलं. गणिताचे सर चहात बिस्किट बुडवत म्हणाले, "मॅडम, समोर देव आहे. बाप बिचारा काय करणार?"

"एकाने केलं," मी म्हणाले. असोपस. त्याच्या कितीतरी मुली देवांनी एकेक करून पळवल्या. एजिनाला झ्यूसने नेलं तेव्हा मात्र तो पात्र सोडून निघाला. नदी उठून गावोगाव विचारत फिरली, माझी लेक पाहिली का. पत्ता सांगणाऱ्या राजाला त्याने मोबदल्यात एक झरा दिला आणि झ्यूसच्या मागे लागला. झ्यूसने विजा मारून त्याला परत पात्रात ढकललं. म्हणून त्या नदीच्या तळाशी कोळसे सापडतात असं म्हणतात.

"म्हणजे मिळाली नाहीच ना मुलगी," सर म्हणाले.

"नाही मिळाली."

"मग उपयोग काय?"

मी रजिस्टर उचललं आणि वर्गावर गेले. त्या दिवशी सातवीच्या मुलांना विनाकारण जास्त गृहपाठ मिळाला.

त्याच आठवड्यात वहिनीचा फोन आला. माझा धाकटा भाऊ आणि वहिनी गावी शेती करतात. बाळापूरच्या पुढे कयाधूच्या काठावरचं आमचं गाव. त्यांची थोरली लेक सेनगाव तालुक्यात दिलेली. दिवाळीला भाऊ तिला आणायला गेला, आणि तुळशीचं लग्न उलटून गेलं तरी ती माघारी गेलेली नव्हती.

"अक्का, रविवारी पाव्हणे येऊन राहिले पोरीला न्यायला," वहिनी म्हणाली. "तुमी येता का?"

"काहून? काय झालंय?"

"तिला डाव्या कानानं ऐकू येत न्हाई."

"कधीपासून?"

"पोळ्यापासून. चापट बसली म्हणती. तुमचे भाऊ म्हणतेत, कानाला काय, थेंब घातले की बरा होईल. तुमी या."

मी शनिवारी निघाले. पिशवीत माझे कपडे, नांदेडच्या कानाच्या डॉक्टरांचा फोन नंबर, पोरीसाठी स्वेटर आणि हस्तलिखिताचे कागद, कारण सोमवारी ते द्यायचे होते. डॉक्टरांची सोमवारची वेळ मी बसमध्ये बसूनच घेतली. बाळापूरला उतरून गावाकडच्या जीपमध्ये बसले. पुलावरून खाली पाहिलं. कयाधूत पाणी नावाला. मधोमध एक ओहळ, बाकी वाळूचे खड्डे आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. इनाकसच्या गोष्टीतलं एक सांगायचं राहिलं. त्याने एका वादात हेरा देवीच्या बाजूने निवाडा दिला म्हणून समुद्रदेव पोसायडनने त्याचं पाणी काढून घेतलं. तेव्हापासून ती नदी पावसापुरतीच वाहते. वाचताना मला नवल वाटलं नव्हतं. मी अशाच नदीच्या काठावर वाढले.

फक्त आमची नदी बाई आहे. प्रल्हादाच्या आईचं नाव तिला. कयाधू पोटुशी असताना इंद्राने तिला उचलून नेलं, आणि नारदाने वाटेत सोडवून आपल्या आश्रमात ठेवून घेतलं, ही गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना पाठ. तिच्या बापाचं नाव जंभ, तेही पुराणात आहे. पण लेकीला उचललं त्या दिवशी हा जंभ कुठे होता, ते सांगणारा मला कुणी भेटलेला नाही.

घरी पोहोचले तेव्हा भाऊ शेतात होता. पोरगी ओट्यावर हरभऱ्याची भाजी निवडत होती. मी हाक मारली, तिने पाहिलं नाही. डाव्या बाजूला उभी होते. उजवीकडे जाऊन बसले तेव्हा दचकली, मग हसली.

"आत्या, असं चोरून नका येऊ."

मी तिच्यासोबत भाजी निवडायला लागले. झालं काय ते एकदम विचारायचं नाही असं ठरवून आले होते. तिनेच थोडक्यात सांगितलं. बैलांच्या शिंगांना रंग लावताना डबा सांडला. इतकंच. लग्नाआधी ती नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. लग्नानंतर शिकवू असं बोलणं झालं होतं. त्याचं पुढे कुणी नाव काढलं नाही.

"तुला जायचंय का?" मी विचारलं.

"मला कुणी इचारलंच न्हाई तं मी काय सांगू."

"मी विचारतेय."

"न्हाई." भाजीच्या काड्या बाजूला टाकत ती म्हणाली. "पर तुमच्या इचारण्यानं काय होतं, आत्या. जीप तं बाबा बोलावणार."

मग मी तिला नदीदेवांच्या गोष्टी सांगितल्या. तिने नीट ऐकल्या, उजवा कान माझ्याकडे करून. आयोची गाय झाली तिथे तिने मान हलवली.

"गाय झाली तं बरंच की. दुधाची गाय कुणी दारातून हाकलत न्हाई."

"आणि झाड?"

"झाड लई बरं. झाडाला कुणी घ्यायला येत न्हाई." मग भाजीकडे बघत, "आन तो लेकीमागं गेला तेचं काय झालं?"

"वीज पडली त्याच्यावर."

"मेला?"

"नाही. परत आपल्या जागी गेला."

"म्हणजे गेला तं व्हता," ती म्हणाली आणि परात उचलून आत गेली.

भाऊ तिन्हीसांजेला आला. हातपाय धुऊन बसला, माझ्या शाळेची चौकशी केली, दगडफुलाचा मसाला आणला का विचारलं. मी वाट पाहिली. त्याने विषय काढला नाही. मग मी काढला.

"नांदेडला डॉक्टरांची परवाची वेळ घेतलीय. पोरगी माझ्यासोबत येईल."

"परवा ती सेनगावला आसंल."

"कानाचं काय?"

"तिकडं बी डॉक्टर हायेत, अक्का."

"ज्याने मारलं तो नेणार डॉक्टरकडे?"

त्याने पायाचा अंगठा चोळला. माझा भाऊ वाईट माणूस नाही, हे मला इथे लिहावंच लागतं, आणि ते लिहिताना माझा राग आणखी वाढतो. लहानपणी ह्याच पोरीला खांद्यावर बसवून त्याने बाळापूरचा बाजार दाखवला. तिला ताप आला तर रात्रभर बसायचा. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं.

"धाकटीची सोयरीक जमून राहिली," तो म्हणाला. "हट्टा गावचे लोक येऊन बघून गेले. चांगलं घर हाय. थोरली घरी बसली हे कळलं की ते पाऊल टाकायचे न्हाईत. येकीपायी दुसरीचं वाटोळं करू का? घर बुडंल, अक्का."

घर बुडेल. वीज पडेल. त्याला ग्रीक काय, पलीकडच्या गल्लीची गोष्ट माहीत नसते, आणि तरी शब्द तेच.

"तुला पटतं का हे?"

"मला कुठं हौस हाय. पर करावं लागतं."

"इच्छा नसताना करणार."

"व्हय, तसंच समज."

मी उठून आत गेले. तिथे थांबले असते तर काही तरी फेकलं असतं.

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. लेक सासरी निघाली की तिची ओटी भरतात, हे सगळीकडे आहे. आमच्याकडे ओटीचे तांदूळ सकाळीच देवापुढे मापून सुपात काढून ठेवतात, आणि एका दिवशी घरातून एकच ओटी बाहेर जाते. एकदा दोघी बहिणी एकाच दिवशी निघायच्या होत्या, तर एकीला रात्रभर थांबवून घेतलं. असं का, ते कुणाला सांगता येत नाही, म्हणूनच कुणी मोडत नाही. सेनगावकडचे सोयरेही ओटीशिवाय सून परत घेत नाहीत. ओटीतले तांदूळ तिकडच्या चुलीवर शिजले की ती घरी आली असं धरतात. ओटी सवाष्णीने भरायची. माझे यजमान गेले त्याला बरीच वर्षं झाली, त्यामुळे या कामात माझा हात लागत नाही.

रविवारी जीप आली. जावई, त्याचे वडील आणि थोरलीची सोयरीक जमवलेले त्यांच्याकडचे एक मामा. मामा पांढऱ्या टोपीतले, मोठ्या आवाजाचे. पोहे झाले, चहा झाला, कापसाच्या वेचणीवर बोलणं झालं. माणसं एखाद्या पोरीच्या आयुष्याचा निकाल लावायला आली की आधी कापसाबद्दल किती आपुलकीने बोलतात. शेवटी मामांनी मांडी बदलली.

"मंग पोरीला तयार करा. भांड्याला भांडं लागतंच. आवाज होतो."

"इथं आवाज बंद झालाय," मी म्हणाले. "डाव्या कानाचा."

मामांनी भावाकडे पाहिलं.

"ह्या माझ्या थोरल्या बहीण," भाऊ म्हणाला. "हिंगोलीला शाळेत हायेत."

"मॅडम हाय व्हय," मामा म्हणाले. "बोला, मॅडम."

मी बोलले. तयारी करूनच बसले होते. आधी कान दाखवायचा, नांदेडला, आमच्या खर्चाने. मग जावयाने सगळ्यांसमोर सांगायचं की काय केलं आणि पुन्हा करणार नाही. मग पोरीचं नर्सिंगचं शिक्षण सुरू करायचं, जसं ठरलं होतं. आणि हे सगळं झाल्यावर तिला विचारायचं, यायचं का. तोवर ती इथेच राहील.

व्याही म्हणाले, "बाई, पोराकडून चूक झाली. तेनं मानली."

"कधी मानली? मी ऐकली नाही. तिने ऐकली असेल तर उजव्या कानाने."

जावयाने फोनमधून डोकं वर केलं. "घरी चल म्हणून राहिलो ना. आन काय करू?"

"काय केलं ते सांगा."

"झालं ते झालं."

मग मामा हसायला लागले. "मॅडमनी पेपरच काढला राव. सगळे प्रश्न सोडवणं सक्तीचं." व्याही हसले. जावई खाली बघून हसला. आणि माझा भाऊ हसला. मोठ्याने नाही, नुसतं पाव्हण्यांना बरं वाटावं इतपत. पण हसला. ते हसू मी अजून विसरलेले नाही, विसरायचा माझा विचारही नाही.

"अक्का, तू बस जरा," तो म्हणाला.

"मी बसलेलीच आहे."

"मॅडम, तुमचं बराबर हाय," मामा समजुतीच्या सुरात म्हणाले. "पर शाळा येगळी आन संसार येगळा. ओटी भरा, उन्हं उतरायच्या आत निघावं म्हणतो. सवाष्ण कोण हाय घरात, तिला हाक मारा." आणि माझ्या कपाळाकडे एकदा बघून घेतलं, म्हणजे कुणाला हाक मारायची नाही तेही कळावं.

भावाने आत तोंड करून हाक मारली. "अगं, ओटी घे."

उत्तर आलं नाही. मी आत गेले. स्वयंपाकघरात वहिनी सूप हातात घेऊन उभी होती. तांदूळ, नारळ, हिरवा खण, हळकुंड, सुपारी, सगळं मांडलेलं. पोरगी भिंतीला टेकून बसली होती, डोक्यावर पदर घेतलेला. ओटीला घ्यावा लागतो तसा. तो पदर बघून मला रडू आलं नाही, संतापच आला.

"वहिनी," मी म्हणाले, "माझं बोलून झालं. त्यांनी हसण्यावारी नेलं."

"ऐकलं मी," वहिनी म्हणाली.

तिने एकदा लेकीकडे पाहिलं. मग सूप कमरेवर घेतलं आणि मागच्या दारातून बाहेर पडली. मला वाटलं परसातल्या तुळशीपाशी गेली असेल. खिडकीतून पाहिलं तर ती कुंपणाच्या खिंडीतून नदीच्या वाटेला लागली होती. चालत होती, पळत नव्हती. मागे वळून पाहिलं नाही.

बाहेर मामांनी घड्याळात पाहिलं. व्याह्यांनी दुसऱ्यांदा पाणी मागितलं, मी दिलं. भावाने पुन्हा हाक मारली, मग आत आला, मग मागच्या दारात जाऊन उभा राहिला. तिथून नदीचा उतार दिसतो. त्याने नक्कीच पाहिलं. बाहेर येऊन पुन्हा पाव्हण्यांसोबत बसला.

वहिनी परत आली ती सरळ बैठकीत. पाय चिखलाने भरलेले, लुगड्याचा काठ ओला, सूप रिकामं. नवऱ्यासमोर पाव्हण्यांपुढे ती कधी उभी राहिलेली मी पाहिली नव्हती.

"ओटी भरली," ती म्हणाली.

"कुणाची?" मामांनी विचारलं.

"नदीची. साती आसरांच्या दगडापाशी."

"आन पोरीची?"

"आजची झाली ना. येका दिसाला घरातून येकच ओटी जाती."

भाऊ उठला. "घरात तांदळाचं पोतं हाय. दुसरे काढ."

"ते खायाचे हायेत. देवापुढचे तेवढेच व्हते." मग त्याच्याकडे न बघता, "काढायचे आसले तं तुमी काढा. तुमीच भरा लेकीची ओटी."

पुरुषाने ओटी भरल्याचं आमच्या पंचक्रोशीत कुणी ऐकलेलं नाही. कोपऱ्यातल्या धाकटीला हसू फुटलं आणि तिने तोंडावर हात धरला. मामांचा चेहरा पडला. हा माणूस माझ्या सगळ्या मुद्द्यांवर हसला होता. रिकाम्या सुपावर त्याला हसता येईना. त्याला रीत ठाऊक होती. बिनओटीची सून नेली तर त्याच्याच गावात पहिली बोंब त्याच्या नावाने झाली असती.

"हे बरं न्हाई केलं, इहीणबाई," तो म्हणाला.

"तकलीफ झाली तुमाला," वहिनी म्हणाली. "चहा ठेवू का?"

त्यांनी चहा घेतला नाही. जाताना व्याही भावाला एवढंच म्हणाले, "चांगला दिवस बघून फोन करतो. तवा खेळ नको."

जीप गेल्यावर भाऊ वहिनीवर ओरडला. हट्ट्याच्या सोयऱ्यांना काय सांगू, तोंड कुठे दाखवू, बायकांनी मिळून मला गावात उताणं केलं. मी मध्ये पडले तर मलाही ऐकवलं. "तुझं काय, अक्का, तू उद्या बस धरून जाशील."

"जाईन. पोरीला घेऊन."

"न्यायची आसंल तं ने. पर मी काय पाठवली म्हणणार न्हाई."

"नको म्हणूस. तसंही तू आजवर काय म्हटलंस?"

सोमवारी सकाळी मी तिला घेऊन निघाले. ओटी नाही, औक्षण नाही. वहिनीने भाकरी, ठेचा बांधून दिला आणि लेकीच्या पायात स्वतःच्या नव्या चपला घातल्या. भाऊ बैलांना पाणी पाजत पाठमोरा उभा होता. नांदेडला डॉक्टरांनी कानात नळी घालून पाहिलं आणि विचारलं, कशाने झालं. मी उत्तर द्यायच्या आत ती म्हणाली, "नवऱ्यानं मारलं." त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. पडद्याला भोक पडलं होतं. एवढ्या उशिरा ते आपोआप भरणार नाही, शस्त्रक्रिया करावी लागेल, केल्यावर किती ऐकू येईल ते नंतरच कळेल. पोळ्यानंतर लगेच आणलं असतं तर, असं ते म्हणायला लागले आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबले.

हस्तलिखिताचं पान मी त्या दिवशी दिलं नाही, दुसऱ्या दिवशी दिलं. मुख्याध्यापकांनी माझा शेवटचा रकाना काढायला सांगितला. म्हणाले, मुलांच्या अंकात असं बापांना नावं ठेवल्यासारखं दिसतं. मी म्हणाले, मी कुणाला नावं ठेवलेली नाहीत, जे केलं तेवढंच लिहिलंय. रकाना राहिला. आमच्यात थोडे दिवस बोलणं कमी झालं.

पोरगी माझ्याकडेच राहिली. सकाळी मी शाळेत, ती नर्सिंगच्या कॉलेजात चौकशा करत. वहिनीचा रोज फोन. "हिकडं ठीक हाय," ती सांगायची. "तुमच्या भावाला भाकर टायमावर देऊन राहिले. बोलत न्हाई, पर भाकर देते." हट्ट्याच्या लोकांनी अजून हो किंवा नाही कळवलेलं नव्हतं. म्हणजे वीज पडली नव्हती, निदान तोवर तरी.

मग एका दुपारी भाऊ आला. सांगून आला नाही. हातात लेकीच्या उरलेल्या कपड्यांची पिशवी. मला क्षणभर वाटलं तो ती पोहोचवायला आला. तो तिला न्यायला आला होता. सेनगावच्या लोकांनी दिवस काढला होता, आणि कपडे सोबत असले की इथूनच थेट जाता येईल, असा त्याचा हिशोब.

"अक्का, तिला तयार कर."

"ती पुढं उभी आहे. तिला विचार."

पोरीने पाण्याचा तांब्या आणला होता. त्याने घेतला. विचारलं नाही. पाणी पिऊन झाल्यावर तिच्याकडे पाहिलं, आणि ती आपोआप मान वळवून उजवा कान पुढे करते ते त्याने बहुधा पहिल्यांदाच पाहिलं.

"डॉक्टर काय म्हणले?"

"पडद्याला भोक हाय, बाबा. आपरेशन करायचं. तरी पहिल्यावानी होईल का न्हाई, सांगता येत न्हाई म्हणले."

"चापटीनं येवढं?"

"येक नव्हती," ती म्हणाली. "आन मी न्हाई येत."

मला त्याला धरून हलवायचं होतं. दिवाळीपासून हे लेकरू तुझ्यासमोर मान वळवून बसतंय आणि तू विचारतोस आज. तो पिशवीच्या बंदाशी चाळा करत बसला. मग पिशवी तिथेच ठेवून उठला. बाळापूरची बस आहे म्हणाला. जेवून जा असं मी म्हणाले नाही.

तो जिना उतरत असताना त्याचा फोन वाजला. आम्ही दोघी गॅलरीत गेलो. खाली रस्त्यावर उभं राहून त्याने खिशातून फोन काढला, थोडा वेळ नुसता बघितला, मग उचलला. सेनगावचाच होता. त्याचा आवाज वरपर्यंत येत होता.

"न्हाई... आज न्हाई." मग बराच वेळ पलीकडचं ऐकत राहिला. "न्हाई म्हणलो ना. आज जमायचं न्हाई."

फोन खिशात घालून तो स्टँडच्या दिशेने गेला.

पोरगी कठड्याला धरून उभी होती. "न्हाई म्हणले, आत्या."

"आज नाही म्हणाला," मी म्हणाले. "उद्याचं काही बोलला नाही. कान फुटला म्हणाला नाही, का फुटला म्हणाला नाही, पाठवणार नाही म्हणाला नाही."

"येवढं बी कधी म्हणले नव्हते."

"मला ते पुरत नाही."

"मला पुरतं," ती म्हणाली.

"तुलाही पुरायला नको," मी म्हणाले, आणि ते तिच्या डाव्या बाजूने म्हटल्याचं लक्षात आल्यावर उजवीकडे जाऊन पुन्हा म्हटलं.